प्राइम९५ : देवळालीतल्या जुन्या पीसीवर १९ दिवस

घरचा जुना डेस्कटॉप नुसता पडून होता म्हणून एप्रिलमध्ये प्राइम९५ टाकलं. फुकट आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ ला सुरू केलेल्या जिम्प्स प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर, जगभरातले लोक आपापल्या मशीनवर मोठ्यात मोठी मूळ संख्या शोधतात. २०२४ ला ह्याच प्रोजेक्टमध्ये ल्यूक ड्युरंटला २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या सापडली, तब्बल ४,१०,२४,३२० अंकी! (त्याने ग्राफिक्स कार्डं वापरली होती, आपल्याकडे साधा प्रोसेसर.)

टाकल्यावर पहिले टॉर्चर टेस्ट (मशीनवर पूर्ण ताण देऊन चुका होतात का बघणारी चाचणी) लावा, प्लीज. माझ्याकडे वीस मिनिटांत एरर आली, सेकंडहँड घेतलेली एक रॅम खराब निघाली, वर्षभर पीसी मधूनच का बंद पडायचा ते तेव्हा कळलं.

मग खरं काम. प्रोजेक्टकडून एक घात मिळतो, २ चा तेवढावा घात वजा १ ही संख्या मूळ आहे का ते तपासायचं. मला मिळालेला घात बारा कोटींच्या पुढचा. तो स्वतः मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही, ११ मूळ आहे तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. आणि गंमत बघा, २३ आणि ८९ दोन्ही २२ च्या (म्हणजे घाताच्या, ११ च्या, दुपटीच्या) पटीत एक मिळवून येतात, हा नियमच आहे, त्यामुळे अवयव शोधताना बाकीच्या संख्यांकडे बघावंच लागत नाही. अवयव नाही सापडला की मोठी टेस्ट, तिच्यात जवळपास घाताइतक्या वेळा वर्ग करायचा, म्हणजे बारा कोटी वेळा! लाईट दोनदा गेली पण दर अर्ध्या तासाला सेव्ह होतं, फार काही वाया गेलं नाही.

१९ दिवसांनी उत्तर आलं, मूळ नाही. वाईट वाटलं खरं, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, ती संख्या मूळ नाही हे पक्कं झालं तरी तिला कशाने भाग जातो हे अजून कुणालाच माहीत नाही. भागाकार न करता भाग जातो हे कळतं, हे शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं.

अजून एक, अशी २ चा घात वजा १ वाली संख्या बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली की नुसते १ च १. आमच्या देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या कापरेकर सरांनी ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' दिला हे सगळे सांगतात, पण सगळे १ असलेल्या संख्यांच्या वर्गांवर पण त्यांनी कितीतरी काम केलंय, डेम्लो संख्या म्हणून, १११ चा वर्ग १२३२१ वगैरे. मला तर हे एकाच घरातलं वाटतं.

तक्रार म्हणाल तर सेटिंगचे मेनू नवख्याला अजिबात समजत नाहीत, आणि दुपारी खोली भट्टीसारखी तापते, लाईटबिलही वाढलं. साडेचार स्टार. पुढचा नंबर कालच घेतलाय, ह्या वेळी चारपैकी तीनच कोअर लावलेत आणि कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलंय.