कामगार कायदा सल्ला, धरमपेठ : समाजमाध्यमांवरील पोस्ट आणि शिस्तभंगाची कारवाई

नागपूरजवळील बुटीबोरीच्या आमच्या कारखान्यात पगारवाढीच्या वाटाघाटी चालू असताना एका कामगाराने व्यवस्थापनावर टीका करणारी फेसबुक पोस्ट टाकली आणि तिचा स्क्रीनशॉट कार्मिक विभागात पोहोचताच बडतर्फीची भाषा सुरू झाली. तेव्हा आम्ही नागपुरातील धरमपेठेतील एका कामगार कायदा सल्लागार कार्यालयाची सेवा घेतली.

तेथील वकील मॅडमनी शिक्षेचा विषय बाजूला ठेवायला सांगून, पोस्टमधील नेमके कोणते वाक्य स्थायी आदेशांतील (कारखान्याच्या सेवाशर्ती व शिस्तीच्या लेखी नियमांतील) कोणत्या गैरवर्तनात बसते, हे आम्हालाच लिहून काढायला लावले. स्थायी आदेशांत नमूद नसलेल्या कृत्यासाठी गैरवर्तन म्हणून शिक्षा करता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा ग्लॅक्सो लॅबोरेटरीज प्रकरणातील दंडक त्यांनी पुढे ठेवला. त्याचबरोबर वेतनवादात कंपनीविरुद्ध चिथावणीखोर फेसबुक पोस्ट टाकणाऱ्या कामगारावरील कारवाई मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये योग्य ठरवली होती, हेही सांगितले. नाराजी आणि चिथावणी यांतील हा फरक आमच्या वरिष्ठांना पटला, ही मला या सेवेची खरी कमाई वाटते.

औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून, तिच्यातील स्थायी आदेशांविषयीचा भाग आता किमान 300 कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. आम्ही त्यात येत असल्यामुळे निलंबन केल्यास चौकशी साधारणपणे 90 दिवसांत संपवणे आणि त्या काळात निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता देणे बंधनकारक आहे, याचीही त्यांनी वेळीच जाणीव करून दिली. शेवटी आरोपपत्र एकाच वाक्यापुरते राहिले, कामगाराने सहकाऱ्याच्या मदतीने आपली बाजू मांडली आणि प्रकरण लेखी ताकिदीवर मिटले.

या कार्यालयाने दिलेला समाजमाध्यम धोरणाचा मसुदा मात्र निराशाजनक होता. ‘आस्थापनेच्या प्रतिमेस बाधक वर्तन करू नये’ अशा मोघम कलमात काहीही बसवता येते आणि कामगाराच्या डोक्यावर कायमची टांगती तलवार राहते. आमच्या आग्रहानंतर तेथे ‘ग्राहकाचे ड्रॉइंग, चालू यंत्र किंवा सहकाऱ्याचा फोटो परवानगीशिवाय स्टेटसला ठेवू नये’ असे स्पष्ट वाक्य आले. सुपरवायझरांसाठीचे प्रशिक्षणही फक्त दिवसपाळीला मिळाले; रात्रपाळीसाठी वेगळे शुल्क मागितले गेले. ज्यांना ही सेवा घ्यायची असेल, त्यांनी सर्व पाळ्यांचे प्रशिक्षण आणि मसुद्यातील दुरुस्त्या आधीच करारात लिहून घ्याव्यात.