सात महिने घण-कुऱ्हाड वापरून: लोखंड पास, दांडा नापास

मेच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळचे साडेपाच झाले तरी अंगण तव्यासारखं तापलेलं. मी बाभळीचा एक गाठाळ ओंडका फोडत होतो. घण डोक्यावर नेला आणि खाली आला तो नुसता दांडा. मागून ठण्ण आवाज आला. साडेतीन किलोचं लोखंड पाण्याच्या पत्र्याच्या टाकीला पोचा पाडून तुळशीपाशी पडलं होतं. दहा मिनिटांपूर्वी आई त्याच टाकीजवळ भांडी घासत बसली होती.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. हा तर मालकालाच काळ व्हायला निघाला होता. म्हणून हे लिहितोय.

वजन, लांबी, किंमत विक्रीच्या पानावर आहेच. मी ही घण-कुऱ्हाड दिवाळीच्या सेलमध्ये २,३४० रुपयांना घेतली. कंपनीवाले तिला स्प्लिटिंग मॉल (लाकूड फोडायची जड कुऱ्हाड) म्हणतात, आमच्या गल्लीत तिचं नाव 'घण' पडलं. घेण्याचं कारण म्हणजे शेतातला निंब. मागच्या जूनच्या वादळात तो आडवा झाला (त्याच वाऱ्यात यावल-रावेरकडच्या लोकांच्या केळीच्या बागा झोपल्या, त्यापुढे आमचा निंब काहीच नाही). मशीनवाल्याने सव्वा-सव्वा फुटाचे ओंडके कापून दिले, पण फोडून देणाऱ्याने तीन हजार सांगितले. घरी पाणी तापवायला तांब्याचा बंब आहे आणि आईला गिझरचं पाणी 'पचत नाही'. तीन हजारांत सहाशे साठ वाचतात आणि हत्यार घरात राहतं, असा हिशेब मी केला.

पहिला आठवडा नुसता पश्चात्ताप. निंबाच्या ओंडक्यावर बरोबर मधोमध घाव घालायचो आणि घण उडून परत यायचा. संध्याकाळी मनगटं सुजायची. ओट्यावर बसलेले जिभाऊ रोज विचारायचे, "कितलाले लिधी?" मी दोनशे कमी करून सांगायचो. शेवटी ते म्हणाले, "भो, लाकूड फोडस का दांडा फोडस?" तेव्हा हसलो. माणूस पुढचं बोलून गेला होता.

मी त्याच आठवड्यात दोन स्टारचा शेरा लिहून ठेवला होता. पाठवला नाही ते बरं झालं, कारण चूक घणाची नव्हती. निंबाच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यात तो पाच महिने वाळलेला. अशा ओंडक्याला मधोमध मारायचं नसतं. कडेकडेने ढलपे काढत आत जायचं, आणि वाळताना पडलेली चीर दिसली तर तिच्या रेषेतच घाव घालायचा. दुसरं म्हणजे मी जोर लावत होतो. घण वर नेईपर्यंतच आपलं काम, खाली त्याचं वजन त्याला आणतं. आपण फक्त दिशा द्यायची आणि शेवटी गुडघे थोडे वाकवायचे, म्हणजे घाव हुकला तरी पातं नडगीवर न येता जमिनीत जातं.

डिसेंबरमध्ये बांधावरच्या दोन बाभळी तोडल्या, तेव्हा या वस्तूबद्दलचं माझं मत पार पालटलं. बाभूळ ओली असतानाच फोडावी, वाळली की दगड होते. ओल्या बाभळीवर हा घण पडला की खट्ट एकच आवाज, आणि दोन फाळकी दोन बाजूंना. आमच्या जुन्या कुऱ्हाडीचं पातं पातळ, ती लाकडात रुतून बसायची, मग ती काढायला दुसरी कुऱ्हाड. घणाचं पातं जाड पाचरीसारखं, ते कापत नाही, फाकवतं. आठ दिवसांचं काम दीड दिवसात झालं. खोटं सांगत नाही, मला मजा यायला लागली. सकाळी थंडीत कानटोपी घालून वीस-पंचवीस ओंडके फोडल्याशिवाय चहा गोड लागेना.

सोबत दोन गोष्टी मात्र हव्यातच. खाली चिंचेचा बुटका ओंडका (खाटीक वापरतात तोच, चिंचेला सहसा तडा जात नाही) आणि त्यावर मोटारसायकलचा जुना टायर. लाकूड टायरच्या आत उभं करायचं म्हणजे फाळकी अंगणभर पळत नाहीत. डोळ्यांना वेल्डिंगच्या दुकानातला ग्राइंडरचा चष्मा. चाळीस रुपये.

आता दांडा. लोखंडाबद्दल तक्रार नाही. सात महिन्यांत दोनदा कानस फिरवली, धार लावावी लागतच नाही म्हटलं तरी चालेल. पण दांडा कुठल्या लाकडाचा आहे हे पानावर नाही, बिलावर नाही, खोक्यावर नाही. वरून चकचकीत वॉर्निश. त्या वॉर्निशमुळे हात घसरतो, घसरू नये म्हणून घट्ट धरावं तर फोड येतात. मी काचेच्या तुकड्याने सगळं वॉर्निश खरवडलं आणि जवसाचं तेल पाजलं. वॉर्निशखाली दिसलं ते बघून बोटं मोडली: लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीत जातच नाहीत, मध्येच तिरक्या होऊन बाहेर पडतात. बैलगाडीची उभारी करणारा पोरगासुद्धा असा तुकडा बाजूला टाकेल.

मार्चमध्ये घणाचं डोकं डुगडुगायला लागलं. आपल्याकडचा मार्च म्हणजे हवेत ओल नावाला नाही, लाकूड आकसणारच. मग सगळे करतात तेच मी केलं, रात्रभर घण बादलीत बुडवून ठेवला. सकाळी टाईट. चार दिवसांनी पहिल्यापेक्षा ढिला. पुन्हा बादली. ही चूक कुणी करू नका. दांडा पाण्याने फुगतो, पण फुगायला जागा नसते, चारी बाजूंनी लोखंड. मग आतले तंतू दाबले जाऊन चेंगरतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा बारीक होतो. हे मला सुताराने नंतर सांगितलं, तोपर्यंत माझी पाचवी बादली झाली होती.

एप्रिलमध्ये कंपनीच्या नंबरवर फोन केला. एक वर्षाची वॉरंटी आहे ना! पोरगी गोड बोलली, "सर, हँडल कन्झ्युमेबल में आता है." म्हणजे वॉरंटी कशाला, तर लोखंडाला. लोखंडाला काय होणार आहे? माझ्या नातवापर्यंत टिकेल ते. मग म्हटलं, पैसे घ्या आणि सुटा दांडा द्या. सुटा दांडा ते विकतच नाहीत. तिसऱ्या फोनला त्यांनी दोष दिसेल असा व्हिडिओ मागितला. म्हणजे डोकं उडताना मी शूटिंग करायचं. चौथ्या फोननंतर पुढच्या खरेदीवर शंभर रुपयांचं कूपन आलं.

मध्ये आखाजी (अक्षय तृतीया) येऊन गेली. बहीण माहेरी आली होती, अंगणात खापर मांडलं, पुरणाचे मांडे. खापराला सगळीकडून सारखी आच लागते, त्यासाठी बोटाएवढ्या बारीक ढलप्या हव्यात. तिथे हा घण कुचकामी. बारीक लाकूड त्याखाली फुटत नाही, उडून पळतं. जुनी कुऱ्हाडच कामी आली, जी मी भंगारात द्यायला काढली होती. आणि भरिताची वांगी भाजायची असतील तर दोन्ही खुंटीला टांगा, कपाशीच्या काड्या आणा. जाड लाकडाच्या आचेवर साल करपते आणि आत गर कच्चा. (बहिणीने दीड डझन मांडे केले, मी चूल सांभाळली, श्रेय कुणाला मिळालं ते सांगायला नको.)

टाकीला पोचा पडल्यावर मी डोकं घेऊन आठवडी बाजारात गेलो. सातपुड्याकडून दांडे घेऊन येणारा एक म्हातारा कोपऱ्यात बसतो. त्याने लोखंड हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, "लोखंड चांगलं शे." जुना दांडा बघितला आणि काहीच बोलला नाही. धावड्याचा दांडा एकशे साठ रुपये. पण यातही कंपनीने खोडी करून ठेवली आहे: नेढं (दांडा बसतो ते भोक) लांबट, आणि बाजारातले दांडे कुदळीच्या गोल नेढ्याचे. सुताराने तासून बसवला, वरून चीर पाडून बाभळीची पाचर ठोकली आणि तिच्यावर आडवी एक लोखंडी. नेढं वर किंचित रुंद असतं ते यासाठीच, पाचरीने दांडा फाकला की डोकं वर सरकू शकत नाही. त्याचे ऐंशी. एकूण दोनशे चाळीस, म्हणजे माझी सहाशे साठची बचत चारशे वीसवर आली. टाकीचा पोचा मी यात धरलेला नाही, आईने धरला आहे.

नवा दांडा बसून अकरा दिवस झाले. उरलेली बाभूळ पाऊस यायच्या आत फोडून शेडखाली रचायची आहे. डोकं अजून हललेलं नाही, तरी फोडायला सुरुवात करण्याआधी मी उलटा धरून दगडावर आपटून बघतो. आई अंगणात असली तर ती स्वतःच घरात जाते. जाताना म्हणते, "तुना उडता घण चालू व्हयना का?"

लोखंडाला पाच स्टार, दांड्याला शून्य, कंपनीच्या फोनला त्याहून कमी देता येत नाही म्हणून शून्यच. ते कूपन ३० जूनपर्यंत चालतं, कुणाला हवं असेल तर सांगा. त्यात दांडा येत नाही, मी बघून घेतलं आहे.