सीट किती वर, किती मागे: आठ महिन्यांचा हिशेब

गिअरची सायकल घेतली तेव्हा दुकानात सीट बसवून मिळाली ती "बसल्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत" या मापाने. पंधरा दिवसांत साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात गुडघ्याची वाटी पुढून ठणकायला लागली. मी दोष वयाला दिला, बायकोने माझ्या हौसेला.

मग अनवाणी भिंतीला टेकून, मांड्यांत जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरून त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं. भरलं ८१ सेंमी. त्याला ०.८८३ ने गुणलं की पायडलचे दांडे ज्या मधल्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते, म्हणजे साडेएकाहत्तर. माझी होती अडुसष्ट! आठवड्याला अर्धा सेंमी अशी वर नेली. एकदा उत्साहाच्या भरात सेंमीभर जास्तच चढवली, तर कंबर डावी-उजवीकडे डुलायला लागली आणि गुडघा मागून आखडला. गुपचूप खाली घेतली.

खरी गंमत पुढे-मागे करण्यात आहे. चढावर आपण नकळत सीटच्या टोकाकडे सरकतो. म्हणून कासला निघताना सीट सात-आठ मिमी पुढे घेतो, टोक किंचित खाली. पुढे घेतली की पायडलचं अंतरही कमी होतं, हे कळायला मला दोन महिने लागले. आता सोबत दोन-तीन मिमी वरही घेतो. तीच मांडणी ठेवून एका रविवारी कोरेगावला गेलो. माहुलीचा पूल ओलांडेपर्यंत ठीक, पुढे तळव्यांना मुंग्या. सगळा भार हातांवर आला होता. सपाट रस्त्याला सीट मागे आणि आडवी सपाटच हवी.

राजवाडा, मोती चौक, भाजी, दूध यासाठी मात्र दीड सेंमी खाली. दर दहा पावलांवर पाय टेकायचाच असतो.

सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, इन्सुलेशन टेपच्या दोन पट्ट्या मारल्यात, त्यामुळे उंची मिनिटात बदलते. पुढे-मागे करणं मात्र कटकटीचं. एक बोल्ट सैल केला की कोनही बिघडतो, म्हणून ते फक्त कासच्या आदल्या रात्री. पावसाळ्यात सीटखालून कुरकुर यायची. पोस्ट काढून पुसली, ग्रीस लावलं, थांबली.

जेलचं कव्हर घेतलं ते पैसे पाण्यात. दहा किलोमीटरनंतर ते मांड्यांना घासतं. सध्या ते शेजारच्या पोराच्या सायकलवर आहे, आणि तो खूश आहे.