नारायामा: १९५८चा पाहावा की १९८३चा?

सत्तरी गाठली की म्हाताऱ्या आईबापाला पाठुंगळी घेऊन नारायामा डोंगरावर सोडून यायचं, हा कथेतल्या गावाचा रिवाज. धान्य कमी, खाणारी तोंडं फार. जपानी लेखक शिचिरो फुकाझावा यांच्या १९५६च्या या कथेवर दोन गाजलेले चित्रपट निघाले. कथा तीच, पण मधल्या पंचवीस वर्षांत जपान पार बदललं होतं.

केइसुके किनोशिता यांचा चित्रपट १९५८चा. त्या वर्षी जपानमध्ये ११२ कोटींहून जास्त तिकिटं खपली, हा आजवरचा उच्चांक आहे. म्हणूनच अख्खं गाव, ओढा, डोंगर स्टुडिओत उभारणं परवडलं. काबुकी या पारंपरिक जपानी नाटकासारखा काळ्या कपड्यांतला सूत्रधार, सोबत शामिसेन हे तंतुवाद्य, आणि प्रसंग बदलताना मागचा रंगवलेला पडदाच गळून पडतो. घरच्या कर्त्याला सर्वाधिकार देणारा कायदा १९४७मध्येच गेला होता. आईसाठी डोळे पुसणारा प्रेक्षक मात्र थिएटरात होताच, त्यामुळे डोंगरावर जायची वेळ आलेली आई, ओरिन, इथे सोशिक, मायाळू आहे.

शोहेई इमामुरा यांच्या १९८३च्या चित्रपटापर्यंत टीव्हीने स्टुडिओंचं कंबरडं मोडलं होतं. इमामुरा चित्रीकरणाला थेट जपानच्या नागानो प्रांतातल्या डोंगरांत गेले. लग्न करायची मुभा नसलेल्या धाकट्या मुलांची फुकाझावांचीच दुसरी कथा त्यांनी यात गुंफली. साप, उंदीर, उघडीवाघडी वासना, धान्यचोरांचं अख्खं कुटुंब जिवंत पुरणं, काहीच झाकलेलं नाही. घरच्यांसोबत बसून पाहू नका. विषयही शिळा नव्हता: त्याच वर्षी सत्तरीपुढच्यांचे मोफत औषधोपचार जपान सरकारने बंद केले होते. कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

दोन्हींत एका प्रसंगाकडे नीट बघा. ओरिनचे दात अजून धड आहेत. उपासमारीच्या गावात म्हातारीला असे दात असणं म्हणजे लाज, नातूही त्यावर गाणं रचून चिडवतो. ती स्वतःच दगडावर आपटून दात पाडते. किनोशितांकडे पोटात कालवतं. इमामुरांकडे रक्ताळलेल्या तोंडाची ती म्हातारी हट्टी, जवळजवळ खूश दिसते, आणि मला तीच जास्त खरी वाटते.

तरी एकच पाहणार असाल तर किनोशितांचा पाहा. नाटकी म्हणून नाकं मुरडू नका, शेवटपर्यंत थांबा. रंग अचानक जातात, कृष्णधवल पडद्यावर चित्रपट निघाला त्या काळातली आगगाडी येते आणि स्टेशनची पाटी दिसते: ओबासुते, म्हणजे म्हातारीला टाकून येणं. नागानोत हे स्टेशन खरोखरच आहे.