आबांची टाटा मोबाइल २०६: सगळं जमलं, फाळका सोडून

ज्यांच्या घरी टाटा मोबाइल, म्हणजे टाटांची ती जुनी पिकअप, होती किंवा अजून आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यामुळे गाडी दिसते कशी, बसतात किती, हे सांगत बसत नाही. आमची १९९१ ची, एमएच १३ म्हणजे सोलापूर पासिंग, आबांच्या म्हणजे आजोबांच्या नावावरची. मागच्या दिवाळीच्या तोंडावर गॅरेजमधून बाहेर आली. कांद्याचा सीझन, गड्ड्याची जत्रा, हुरडा आणि आख्खा उन्हाळा तिच्यावर काढला. पावसाळा झाल्यावर निवांत लिहायचं ठरवलं होतं, पण गेल्या आठवड्यात फाळक्यावरून, म्हणजे हौद्याच्या मागच्या पाडायच्या दारावरून, बॉडीवाल्याशी जे वाजलं, त्यानंतर गप्प बसवेना.

आधी इंजिन, कारण ते लवकर आटपतं. ४८३ डीएल. नावातच हिशोब आहे, चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर, एकूण १९४८ सीसी. हेच इंजिन पुढे सिएरात आणि सुमोत आलं, म्हणून जीव वाचला. २०६ चं सामान मागितलं की दुकानदार मान हलवतो, सुमोचं मागितलं की मागच्या फळीवरून काढून देतो. शेवटची काही वर्षं गाडी मोहोळ तालुक्यातल्या शेतावर कडुलिंबाखाली उभी होती. टाकीत डिझेल तसंच राहिलेलं, तळाशी पाणी आणि काळा गाळ. टाकी उतरवून धुतली, पाइप बदलले, पंप आणि नोझल पंपवाल्याकडे दिले. हेड काढून फेसिंग केलं, व्हॉल्व्ह घासले. लायनर-पिस्टनला हात लावावा लागला नाही. मिस्त्री म्हणाले, "आबांनी ऑइल वेळेवर बदललंय, नाहीतर आज हाफ इंजिन पडलं असतं." आबांनी आयुष्यात वेळेवर केलेली ती एकच गोष्ट असावी.

उभी गाडी बाहेर काढणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. टायमिंग बेल्ट वरून धड दिसला म्हणून ठेवू नका. गाडी पळाली नाही तरी रबर सुकतंच. तो चालू इंजिनमध्ये तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं सगळं काम पुन्हा. बेल्ट किरकोळ पैशात येतो, तिथे काटकसर नको. हे मी सांगतोय, ज्याने सीट कव्हरसाठी तीन दुकानं फिरून शेवटी घरचीच जुनी चादर शिवून घेतली.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ते नवीन. मागची व्हील सिलिंडरं जाम, ती नवीन. क्लच प्लेट, होज पाइप, टायर, बॅटरी, सगळं नवीन. चेसिस मात्र ठणठणीत. सोलापूरच्या कोरड्या हवेचा हा एक फायदा. कोकणात इतकी वर्षं उभी राहिली असती तर चेसिसची चाळण झाली असती. हौद्याची गोष्ट वेगळी. आबा त्यातून खत आणायचे, आणि सांडलेलं खत ओल धरून पत्रा खातं. तळ जागोजागी गेला होता. तो कापून नवीन टाकला आणि इथूनच त्या बॉडीवाल्याचा आमच्या आयुष्यात प्रवेश झाला.

कागदांचं थोडक्यात. मालक वारले असतील तर फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला लागतो आणि बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. चुलते पुण्याला, त्यांनी कुरियरने सही पाठवली. आत्या बार्शीला, तिने आधी जेवायला वाढलं, मग तिच्या लग्नाचं रुखवत याच गाडीतून कसं गेलं ते ऐकवलं, मग "गाडी विकणार नाहीस ना?" असं वदवून घेतलं आणि मग सही केली. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की फिटनेस दरवर्षी, वर विमा, वर ती नवीन नंबरप्लेट. एकाने सुचवलं, व्हिंटेजमध्ये घाल. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेजला गाडी पन्नास वर्षांची असावी लागते. म्हणजे आमची २०४१ ला. आणि तेव्हासुद्धा रोजच्या वापराला, भाड्याला चालवता येणार नाही. कांदे न्यायचे नसतील तर पिकअप ठेवून करायचं काय?

एकूण खर्च दोन लाख तीसच्या आसपास गेला. भंगारवाला पस्तीस हजार द्यायला तयार होता. बायकोने हे दोन आकडे फ्रिजवरच्या कॅलेंडरवर शेजारी-शेजारी लिहून ठेवलेत.

आता फाळका.

जुना फाळका जड होता. आबांनी त्याला आतून लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या होत्या, आणि दोन्ही साखळ्यांवर सायकलची ट्यूब चढवली होती, आवाज नको आणि रंगही खरवडायला नको म्हणून. मार्केट यार्डात गाडी लागली की फाळका पाडायचा, त्यावर बसायचं, चहा मागवायचा आणि लिलाव पुढे सरकेपर्यंत आडत्याला नावं ठेवायची, हा त्यांचा कार्यक्रम. लहानपणी मीही शेजारी बसलेलो आहे. त्यामुळे बॉडीवाल्याने "मालक, हे पार कुजलंय, नवीन करून देतो, कंपनीवानी" असं म्हटल्यावर मी दोनदा विचारलं, दुरुस्त होत नाही का? नाही म्हणाला. नऊ हजार घेतले.

नवीन फाळका दिसायला देखणा. रंग एकसारखा, कडा सरळ. पण गाडी रिकामी असली की पहिल्या खड्ड्यापासून खडखड सुरू. माल भरला की पोती आतून टेकतात आणि तो गप्प होतो. उतरवला की पुन्हा चालू. जुळे सोलापुरातून निघून मोहोळपर्यंत हा आवाज डोक्यात. मागच्या काचेतून बघितलं तर पत्रा थरथरताना दिसायचा. एमआयडीसीतल्या एका मित्राने व्हर्नियर लावून मोजला, ०.९ मिलिमीटर. म्हणजे वीस गेज, आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ. ज्यावर पोती लोटायची, माणसं बसवायची, त्याला वीस गेज! बिलावर नुसतं 'फाळका नवीन' लिहिलेलं, गेजचा पत्ता नाही.

मी काय काय केलं ते सांगतो. कडीच्या बाजूला रबराचे तुकडे चिकटवले, ते उन्हात सुटले. साखळीला ट्यूब चढवली, त्याने साखळी गप्प झाली, पत्रा नाही. मग टॉवेल. सोलापुरात राहून टॉवेल कमी पडायचं कारण नाही. जुना जाड टर्किश टॉवेल चौपदरी करून फाळका आणि बाजूचा पत्रा यांच्या फटीत दाबून बसवला आणि कडी लावली. आवाज निम्म्याहून कमी झाला. काही आठवडे मी खूश होतो, ओळखीच्यांना फाळका हलवून दाखवायचो. एक अवकाळी पाऊस आला, टॉवेलने पाणी धरलं आणि कोपऱ्यात नव्या रंगाखाली गंज फुगून वर आला. टॉवेल काढून टाकला.

या सगळ्या काळात बाकीच्या गाडीबद्दल माझं मत बदलत गेलं. फेब्रुवारीत कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, रोजची गाडी म्हणून बिनधास्त वापरा. सकाळी हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, चावी फिरवायची, एका सेल्फमध्ये चालू. तिसऱ्या गिअरमध्ये भरल्या गाडीची ओढ अजून अशी आहे की शेतातल्या मऊ रस्त्यावर ट्रॅक्टरची वाट बघावी लागली नाही. अ‍ॅव्हरेज बारा-तेरा, नव्वदीच्या पुढच्या डिझेलला हे माझ्या अपेक्षेपेक्षा बरं. मे महिन्यानंतर मात्र शब्द फिरवतो. पारा ४३ वर असताना दुपारी केबिनमध्ये बसून बघा. वरून टप तापलेला, खालून इंजिनची धग, गिअरचा दांडा हातात धरवत नाही. मॅटखाली फेल्ट टाकलं, थोडा फरक पडला. उन्हाळ्यात ही गाडी सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे उभ्या गाडीत चाक फिरवायला दंडात ताकद लागते. सोलापूरच्या नवी पेठेतल्या गर्दीत तर नेऊच नका. हायवेला साठ-पासष्टला मजेत राहते, त्याच्या वर हट्ट करू नये.

मार्केट यार्डात पहिल्यांदा कांदा घेऊन गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या हमालाने गाडीला फेरी मारली आणि मला न विचारता म्हणाला, "आबांची ना?" त्या दिवशी उतराईला माणूस शोधावा लागला नाही. सीझनमध्ये गेटबाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना हे काय सुख असतं ते गेलेल्यालाच कळेल.

तर गेला आठवडा. शेतावर कॅरेट पोचवायला निघालो होतो. रिकामी कॅरेट, म्हणजे वजन काहीच नाही. सावळेश्वर टोलनाक्याच्या अलीकडे एका उंचवट्यावर गाडी उडाली, फाळक्याची कडी खाचेतून निसटली आणि फाळका धाडकन उघडला. कॅरेट रस्त्यावर. मागच्या ट्रकवाल्याने ब्रेक लावला म्हणून बरं, दोन-तीन कॅरेटचा चुरा झाला तेवढाच. तो काच खाली करून जे बोलला ते इथे लिहीत नाही, पण त्याचं बरोबर होतं. खाली उतरून कडी बघितली तर नुसत्या थरथरीने खाचेचं भोक लांबट झालेलं. पातळ पत्र्याला भोक पाडून कडी अडकवलेली, मागे जाड पट्टीचा आधारच नाही.

फाळका दोरीने बांधून तसाच शहरात परत आणला, थेट बॉडीवाल्याच्या शेडवर. तो म्हणतो, "गाडी जुनी हाय मालक, आवाज यायचाच. तुमी कशाला टेन्शन घ्यायलाव?" आवाजाचं नाही, कडी निसटल्याचं बोल म्हटलं, तर म्हणतो कडी तुमच्याच सामानातली होती. आमचा आवाज चढायला लागला तसे शेजारचे टायरवाले येऊन उभे राहिले. आणि तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. शेडसमोरच्या गटारावर स्कूटर आत घ्यायला एक पत्रा टाकलेला होता. एका बाजूला साखळी लोंबत होती. साखळीवर सायकलची ट्यूब.

पार कुजलेला फाळका महिनोन् महिने गटारावर पडून रोज स्कूटरी अंगावर घेत होता आणि वाकला नव्हता!

मी तो उलटा केला. आतल्या बाजूला, पट्ट्यांच्या मधे, खिळ्याने ओढलेल्या उभ्या रेघा. चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या. हमाल पोती उतरवत जाईल तसतसे आबा मोजत असणार. कुजला होता तो फक्त खालचा काठ, चार बोटं. तिथे पत्र्याची घडी आहे, पाणी जायला भोकं आहेत, आणि भोकांत माती आणि कांद्याची टरफलं घट्ट बसलेली. पाणी साचून तेवढाच भाग गेला होता. बाकी पत्रा टणटण वाजत होता.

बॉडीवाला आता म्हणायला लागला की जुना माल आमचा असतो, तशी पद्धत आहे, हवा असेल तर पाचशे द्या. मी म्हटलं, बिलावर तसं लिहिलेलं दाखव. टायरवाल्यांनी मधे पडून तोड काढली: फाळका मी न्यायचा, आणि गटारावर टाकायला त्याला दुसरं काहीतरी द्यायचं. घरामागे बांधकामातून उरलेली शहाबादी फरशी पडून होती, ती नेऊन दिली. नऊ हजारांतला एक रुपया परत मिळाला नाही. वर म्हणतो, "फरशी जरा लहान पडायलीय."

जुन्या फाळक्याचा खालचा काठ दुसऱ्याच एका वेल्डरकडे कापून घेतला, तिथे सोळा गेजची पट्टी जोडली, भोकं नव्याने पाडली, तेवढ्या काठाला आतून रेड ऑक्साइड मारला. अठराशे रुपये. रंग फक्त बाहेरून दिला, आबांच्या रेघा जातील, आतून नको म्हणून बजावून सांगितलं, तरी पेंटर ब्रश घेऊन तयारच होता. मागची लाल रिफ्लेक्टर टेप पुन्हा लावली, पासिंगला लागते. कड्या जुन्याच, त्याही घट्ट बसल्या.

खडखड बंद. पूर्ण बंद. आता इतकं शांत झालंय की इतके महिने दबून राहिलेल्या गोष्टी ऐकू यायला लागल्यात: पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, बुशांची कुरकुर, चाळीसच्या पुढे मागून येणारी एक बारीक घरघर, आणि डाव्या दाराच्या आत सुटा पडलेला एखादा बोल्ट. मिस्त्री म्हणतात घरघर डिफरेन्शियलची आहे, ऑइल बदलून बघू. बुश दिवाळीच्या आत करीन म्हणतो, त्याच्याआधी कॅलेंडरवर तिसरा आकडा नको.

गाडी कामाला देणाऱ्यांनी काढलेली प्रत्येक वस्तू घरी आणा, कुजली म्हणून सांगितली तरी आणा, आणि बिलावर पत्र्याचं गेज लिहून घ्या. माझ्याकडे २०६ चा नवीन फाळका पडून आहे, वीस गेज, पांढरा, एका कोपऱ्यात गंज, कडीचं भोक मोठं झालेलं. कुणाला बागेच्या फाटकाला वगैरे चालणार असेल तर साडेतीन हजारांना देतो. जुळे सोलापुरातून स्वतः न्यावा लागेल, आणि दोर आपला आणा.