घरी बसवलेले पुढचे पार्किंग सेन्सर: नऊ महिने वापरल्यावर

आमच्या सोसायटीचं पार्किंग नव्वदच्या दशकातलं, म्हणजे स्कूटर डोळ्यासमोर ठेवून आखलेलं. माझ्या वाट्याला आलेली जागा दोन खांबांच्या मधली. समोर भिंत आणि भिंतीवर बरोबर बंपरच्या उंचीला पाण्याच्या मीटरची लोखंडी पेटी. गाडी पुरती आत घेतली नाही तर मागून शेजारच्या काकांची अ‍ॅक्टिव्हा निघत नाही, आणि वीतभर जास्त घेतली तर पेटी आहेच. मागे घेताना गाडी ओरडते, कारण १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. पुढचे मात्र कंपन्या वरच्या मॉडेललाच देतात. मधल्या मॉडेलवाल्याने नाक घासायचं, आणि मी ते दोन वर्षांत दोनदा अक्षरशः घासलं.

दुसऱ्या वेळी अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात विचारायला गेलो. साडेचार हजार, "बंपर न काढता, अर्ध्या तासात." बंपर न काढता ड्रिल मारणार हे ऐकूनच पोटात गोळा आला. मागे काय आहे हे न बघता भोक पाडलं तर ते लोखंडी बीमसमोर येऊ शकतं, किंवा फॉग लॅम्पच्या वायरीत. ऑनलाइन १,६५० रुपयांचा किट मागवला आणि दिवाळीच्या सुट्टीतला एक रविवार घालवला.

किट घेताना एकच गोष्ट नीट बघा, ती म्हणजे तो पुढचाच आहे का. मागच्या सेन्सरचा किट पुढे लावला तरी चालतो, असं विकणारे बिनधास्त सांगतात. चालतो, पण मागचा किट दीड-दोन मीटरपासून बोलायला लागतो. पुढे तसं झालं तर गावातून गाडी चालवताना तो दिवसभर गप्प बसणार नाही. पुढचा किट साधारण ६० ते ९० सेंटिमीटरच्या आत काही आलं तरच बोलतो. माझा ९० ला सुरू होतो, ६० ला घाई करतो आणि ३० च्या आत सलग सूर धरतो.

बसवण्यातलं सगळं सांगत नाही, जिथे हात अडकला तेवढंच सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह काढली, बंपरचे स्क्रू आणि क्लिपा सोडवल्या. दोन क्लिपा मोडल्या, त्या मोडतातच, जास्तीच्या आधीच आणून ठेवा. बंपर जुन्या चादरीवर उताणा टाकला. कडेचे दोन सेन्सर वळणाच्या अलीकडे धरले, मधल्या अंतराचे सारखे तीन भाग केले, बंपर गाडीवर असताना जमिनीपासून ५२ सेंटिमीटरवर येईल अशा रेषेत मास्किंग टेप चिकटवून खुणा केल्या. किटमध्ये २२ मिलिमीटरचं गोल कापणारं बिट मिळतं. ते थेट बंपरवर लावायची माझी छाती झाली नाही, म्हणून आधी फुटक्या बादलीच्या बुडावर सराव केला. पहिलं भोक अंड्यासारखं झालं, कारण मी ड्रिल जोरात दाबत होतो. दाब न देता, कमी वेगात, आधी बारीक भोक पाडून मग मोठं बिट लावलं की प्लास्टिक लोण्यासारखं कापलं जातं. चार काळ्या चकत्या निघाल्या. त्या मुलीने भातुकलीत करपलेल्या पोळ्या म्हणून घेतल्या.

सेन्सर आत ढकलताना मी एक चूक केली, आणि तिने मला पुढचे तीन दिवस वेड लावलं. प्रत्येक सेन्सरच्या पाठीवर एक बाण असतो, तो वरच्या बाजूलाच ठेवायचा. डावीकडून तिसरा सेन्सर मी पाव फेरी फिरलेला बसवला होता. हे सेन्सर कानाला न ऐकू येणारा साधारण ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतात आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. तो आवाज आडवा जास्त पसरतो, उभा कमी, म्हणजे जमीन टाळून कडेचं दिसावं. सेन्सर फिरला की पसारा उभा होतो आणि तो रस्त्यालाच भिंत समजतो. मोकळ्या मैदानात गाडी उभी केली तरी किटचा डिस्प्ले ०.७ मीटर दाखवत होता. मी वायरी तपासल्या, चारही सेन्सरच्या वायरी जिथे येतात त्या कंट्रोल बॉक्सला शिव्या घातल्या, आणि शेवटी बायकोने खाली बसून विचारलं, "या तिसऱ्याचा बाण असा आडवा का रे?"

वायर आत न्यायला बॅटरीमागचं जाड रबरी बूच वापरलं. हँगरची तार सरळ करून तिला वायर टेपने गुंडाळली आणि ओढली, मग बुचाला सिलिकॉन लावलं, नाहीतर पावसात पाणी थेट पायाशी येतं. आत डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्या एअरबॅगच्या असतात.

आता करंट कुठून घ्यायचा, ते. माझ्या मते या सगळ्या उद्योगात खरी गोष्ट हीच आहे. किटच्या कागदावर ब्रेकच्या दिव्याच्या वायरला जोडा असं लिहिलं होतं: ब्रेक दाबला की सेन्सर जागे, सोडला की गप्प. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मी तसंच केलं आणि सोमवारी ऑफिसला निघालो. कर्वे रस्त्यावर डेक्कनपासून कर्वे पुतळ्यापर्यंत किती वेळा ब्रेक दाबावा लागतो ते पुणेकरांना सांगायला नको. प्रत्येक सिग्नलला ब्रेक, आणि ब्रेक दाबला की पुढच्या बंपरच्या मोकळ्या जागेत दोन दुचाक्या घुसणार. टूँ-टूँ-टूँ. शेजारी बस उभी राहिली आणि तिने एअर ब्रेकची हवा फुस्सकन सोडली तरी हे टूँ करणार, कारण त्या फुसकाऱ्यात कानाला न ऐकू येणारा आवाजही भरपूर असतो. आठवड्याच्या शेवटी बायको म्हणाली, "एक तर हे बंद कर, नाहीतर मी बसने जाते."

मग ब्रेकची जोडणी काढून टाकली. गाडीच्या चार्जर सॉकेटच्या फ्यूजवर फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसून करंटची जास्तीची वाट काढून देणारा जोड, लावला. त्याने कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही, किल्ली काढली की करंट बंद, आणि सेन्सरला २ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज मिळतो. स्टिअरिंगच्या उजवीकडे एक कोरं, खोटं बटण होतं, त्या जागी स्विच बसवला. पार्किंगच्या तोंडाशी आलो की टक्, लावून झालं की टक्. इतकंच. पण त्या दिवसापासून हा किट त्रास वाटायचा थांबला. ज्यांच्या गाड्यांना कंपनीचे पुढचे सेन्सर आहेत त्यांतल्या कितीजणांनी ते कायमचे बंद करून टाकलेत, जरा विचारून बघा.

अचूकपणाचं म्हणाल तर भिंतीसमोर टेप धरून मोजलं. डिस्प्लेवर ०.९ असताना ८७ सेंटिमीटर, ०.६ ला ५९, ०.३ ला ३३. या पैशात याहून काय हवं? मात्र ३० च्या आत तो आंधळा आहे. सेन्सरचा पडदा आवाज सोडून क्षणभर थरथरत असतो आणि इतक्या जवळून आलेला प्रतिध्वनी त्या थरथरीतच मिसळतो. सलग सूर लागला की पेटी ३० वर आहे की ३ वर, हे तो सांगत नाही. मला तर काकांच्या अ‍ॅक्टिव्हासाठी पेटीपासून १५ वर थांबावं लागतं. म्हणून सलग सूर सुरू झाला की पाय ब्रेकवर ठेवून पाऊण वितीइतकी गाडी सरकू द्यायची, हा हिशेब आता अंगवळणी पडलाय. नऊ महिन्यांत पेटीला एकदाही टेकलो नाही.

खांब, भिंत, दुसरी गाडी, उभा माणूस हे त्याला हमखास कळतं. सोसायटीच्या गेटवर रात्री लावायची साखळी त्याला कळत नाही. जानेवारीत लग्नाहून उशिरा आलो, वॉचमन झोपलेला, मी सेन्सरच्या भरवशावर पुढे, आणि साखळी बॉनेटला शिवल्यावर थांबलो. किट तोवर मौनात. फुटपाथचा बुटका दगड आणि बंपरखाली झोपलेलं कुत्रंही तसंच, ते सेन्सरच्या खालून निसटतं. उलट मॉलच्या तळघरातून वर चढणारा उतार समोर आला की तो रस्त्यालाच भिंत समजून कोकलतो. तिथे स्विच बंद.

पावसाळ्याबद्दल दोन तक्रारी आहेत. जोराच्या पावसात थेंब सेन्सरच्या तोंडावर साचतात आणि तो उगाचच ०.५ वगैरे दाखवतो. बोटाने पुसलं की शुद्धीवर येतो. चिखल वाळून बसला तरी हेच. गाडी धुणाऱ्याला प्रेशरचा पाइप सेन्सरच्या जवळून मारू नको असं एकदा सांगून ठेवा.

दुसरी तक्रार किटची नाहीच, उंदराची आहे. जूनच्या शेवटी एका सकाळी सुरू करतानाच बझरने दोन लांब पीप दिले आणि डिस्प्लेवर उजवीकडून दुसऱ्या सेन्सरची खूण मेली. बॉनेट उघडलं तर बॅटरीजवळ शेंगांची टरफलं, आणि वायर जिथे काळ्या नळीच्या बाहेर दोन इंच उघडी ठेवली होती नेमकी तिथेच कुरतडलेली. ती दोन इंच मी आळस म्हणून सोडली होती. जोड डाग देऊन केला, त्यावर आकसणारी नळी चढवली आणि या वेळी आख्खी वायर काळ्या नळीत घातली, रेडिएटरपासून लांब, टायने बांधून. काकांनी तंबाखूची पानं बांधायला दिली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उंदीर त्या वासाला फिरकत नाही. अजून तरी फिरकलेला नाही, पण श्रेय पानांचं की नळीचं यावर आम्ही वाद घालत नाही.

सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने फ्यूज टॅप बघून भुवया उंचावल्या आणि "बाहेरून केलंय का?" विचारलं. घरी केलंय म्हटल्यावर त्याने बॉनेट खाली घेतलं आणि काही लिहिलं नाही. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापली असती तर त्याने नक्की लिहिलं असतं.

रंगाचं म्हणाल तर माझी गाडी करडी आणि सेन्सर काळे, त्यामुळे लांबून कळत नाहीत. रंगवायचेच असतील तर बसवण्याआधी, एकच पातळ हात. जाड थर बसला तर पडदा नीट थरथरत नाही. कडेच्या रबरी रिंगवर रंग गेला तरी तेच.

मेहुण्याने हे सगळं बघून २२ चं बिट मागून नेलंय आणि पुढचा रविवारही मागितलाय. त्याची गाडी पांढरी. सेन्सर रंगवायचे की काळेच ठेवायचे यावर त्यांच्या घरात अजून एकमत नाही, आणि ते होईपर्यंत बंपर उतरवायचा नाही असं मी त्याला सांगून ठेवलंय.