एक्सकॉम २ : वॉर ऑफ द चोझन – मुरलेल्या खेळाडूलाही घाम फोडणारा डाव, निदान निम्म्यापर्यंत

डावपेचांचे व्हिडिओ गेम वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. खेळामागचे गणित एकदा उलगडले की काठिण्यपातळी कितीही वर नेली तरी डावात धाकधूक उरत नाही. पुष्कळ खेळ यावर संगणकाच्या पदरात जादा माल टाकून मोकळे होतात. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये सर्वांत वरच्या 'डीटी' पातळीवर प्रतिस्पर्धी राज्ये पहिल्याच चालीला जास्तीच्या वसाहती आणि फौज घेऊन उतरतात. परंतु जाणत्या खेळाडूने त्यांना एकदा गाठले की पुढचे कित्येक तास केवळ निकालावर शिक्का मारण्यात जातात. 'सिव्हिलायझेशन' बनवणाऱ्या त्याच फिरॅक्सिस कंपनीने २०१६ साली 'एक्सकॉम २' आणला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्याची 'वॉर ऑफ द चोझन' ही पुरवणी काढली. ही पुरवणी मात्र वेगळ्या वाटेने जाते, आणि आज इतक्या वर्षांनीही कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या मित्रमंडळींत तिच्यावरून वाद रंगतात.

कथानक थोडक्यात असे, की परग्रहवासीयांनी पृथ्वी जिंकून वीस वर्षे झाली आहेत आणि आपण एका उडत्या तळावरून मूठभर सैनिकांच्या बळावर बंड चालवतो. २०१२ साली आलेल्या याआधीच्या 'एक्सकॉम' खेळात अनुभवी मंडळींनी एक सुरक्षित पण कंटाळवाणी युक्ती शोधली होती. चार पावले पुढे सरकायचे, सगळ्यांना पहाऱ्यावर ठेवायचे आणि शत्रू आपणहून माऱ्यात येण्याची वाट पाहायची. 'एक्सकॉम २'ने अनेक मोहिमांवर चालींची मर्यादा घातली आणि ही युक्ती मोडून काढली. या मर्यादेवर त्या वेळी बरीच टीका झाली, पण माझ्या मते खेळातला थरार पुष्कळसा तिच्यामुळेच आहे. तीन चाली उरल्या आहेत, पुढच्या आडोशामागे काय दडले आहे ते दिसत नाही आणि थांबणे परवडत नाही, अशा वेळी जुना अनुभव धीर देतो, उत्तर देत नाही.

पुरवणीचा खरा प्राण म्हणजे असॅसिन, हंटर आणि वॉरलॉक हे तीन 'चोझन' सरदार. प्रत्येक नव्या डावात त्यांची बलस्थाने आणि उणिवा वेगळ्या जुळून येतात, त्यामुळे मागच्या डावात पाठ केलेला तोडगा या वेळी लागू पडेलच असे नाही. यांतली असॅसिन विशेष उल्लेखनीय आहे. ती कोठूनतरी येते, आडोशामागे नीट बसवलेल्या सैनिकावर तलवार चालवते आणि पुन्हा दिसेनाशी होते. भोवंडून पडलेल्या त्या सैनिकाला शेजारच्याने वेळीच सावरले नाही, तर ती त्याच्याकडून आपल्या तळाची माहिती काढून घेते किंवा त्याला सरळ उचलून नेते. म्हणजे एकाच चालीत खेळाडूपुढे तीन प्रश्न उभे राहतात: तिला शोधायचे, पडलेल्याला उठवायचे की घड्याळाकडे पाहून पुढे पळायचे? तिला हरवले तरी ती मरत नाही. तिचा गड शोधून तो फोडेपर्यंत ती पुन्हा पुन्हा येते. शत्रूची जीवनरेषा, म्हणजे मार सोसण्याची ताकद, नुसती लांबवून हा परिणाम साधता आला नसता.

दुसरी महत्त्वाची भर थकव्याची आहे. मोहिमेत सैनिकाचे मनोबल खचत जाते, आणि थकलेल्याला तसेच पुन्हा पाठवले तर त्याच्या मनात एखादी भीती घर करू शकते. त्यामुळे सहा लाडक्या कर्नलांवर अख्खा डाव ओढता येत नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉलचा हंगाम पाहिलेल्या कोल्हापूरकराला राखीव फळीचे मोल वेगळे सांगायला नको. येथे ते अंगावर येऊन कळते. 'वस्ताद' असे टोपणनाव दिलेला माझा नेमबाज ऐन मोक्याच्या मोहिमेला विश्रांतीवर होता, आणि त्या दिवशी दोन नवख्या पोरांनी जी झुंज दिली ती त्याच्या कोणत्याही अचूक नेमापेक्षा अधिक लक्षात राहिली.

'आयर्नमॅन' हा पर्याय निवडल्यास एकच सेव्ह राहते आणि चुकलेली चाल मागे घेता येत नाही. अनुभवी खेळाडूने याशिवाय हा खेळ खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मागे फिरण्याची सोय असली की लागण्याची पासष्ट टक्के शक्यता असलेला नेम चुकण्याला काही अर्थच राहत नाही. (वळवाच्या पावसात केव्हाही लाइट जाते, तेव्हा डेस्कटॉपवर खेळणाऱ्यांनी यूपीएसची सोय आधी पाहावी.) शिवाय 'लेजंड' या सर्वांत कठीण पातळीखालच्या पातळ्यांवर खेळ पडद्याआड आपल्या नेमाला थोडा हात देतो, आणि 'लेजंड'वर ती मदत बंद होते, हेही लक्षात ठेवावे.

आता उणीव सांगितली पाहिजे, आणि ती लहान नाही. या खेळाची चढण उलटी आहे. सर्वांत बिकट काळ पहिल्या काही महिन्यांचा असतो, जेव्हा शस्त्रे साधी आणि सैनिक नवखे असतात. पुढे आपल्या बाजूच्या रीपर गटातील सैनिकाला 'बॅनिश' हे मॅगझिन संपेपर्यंत एकाच शत्रूवर गोळ्या झाडण्याचे कौशल्य मिळाले आणि त्याच्या बंदुकीला मोठे मॅगझिन जोडले, की तोच चोझन, ज्याने रात्रभर छळले होते, एका चालीत आडवा होतो. त्यात पडलेल्या चोझनची शस्त्रे आपल्याच हाती येतात, म्हणजे जिंकणाऱ्याला आणखी जिंकण्याचे साधन मिळते. शेवटची मोहीम लांब असली तरी तोपर्यंत धाकधूक बरीच ओसरलेली असते. निर्मात्यांना हे जाणवले असावे, कारण प्रगत पर्यायांत 'ग्रिम हॉरायझन' दिले आहे, ज्यामुळे शत्रूची घातक कारस्थाने एकदा लागू झाली की कायमची राहतात. तेथेच दोन्ही बाजूंची जीवनरेषा दुप्पट करणारे 'बीटा स्ट्राइक' आहे. ते लढाया नुसते लांबवते, त्यामुळे मला रुचले नाही.

पुरवणीसाठी मूळ खेळ घ्यावा लागतो, म्हणून सवलतीच्या काळात दोन्ही एकत्र घेणे बरे. पूर्वीचा खेळ पचवलेल्यांनी 'लेजंड'खालोखालची 'कमांडर' पातळी, 'आयर्नमॅन' आणि 'ग्रिम हॉरायझन' या जोडणीने सुरुवात करावी. तीही सैल वाटू लागली, तर खेळाडूंनी स्वतः घडवलेला 'लाँग वॉर ऑफ द चोझन' हा मॉड, म्हणजे खेळाची बदललेली आवृत्ती, विनामूल्य मिळतो. मात्र तो डाव इतका लांबवतो, की दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलेला संघर्ष गुढीपाडव्यालाही चालू असण्याची तयारी ठेवावी लागेल.